विद्याच्या यंत्रातील शिल्लक

१० नोव्हेंबर १९८६, मुलुंड
चि. विद्या कचेरीतून आली. चहा निवला. खोदून विचारल्यावर सांगितले. तिच्या कंपनीच्या संगणकाचा मूळ कारभार पाहणारी जी आज्ञावली आहे, तीत दोष. प्रत्येक कामाला लागेल तेवढी मेमरी ती देते, काम संपताच परत घेते आणि शिल्लक मांडून ठेवते. परंतु मेमरी मोकळी असतानाही ‘शिल्लक नाही’ म्हणून यंत्र अडून बसते.
वरिष्ठ श्री. देसाई म्हणतात, दर तासाला शिल्लक नव्याने मोजावी. दोष झाकला जाईल. वि.ला नामंजूर. शुक्रवारी यंत्र गिऱ्हाईकाकडे जाणार. तोवर दोष न निघाल्यास देसाईंचे खरे आणि काम दुसऱ्याकडे.
मी म्हणालो, वरिष्ठांचे ऐकावे.
“बाबा, तुम्ही डेपोत नोकरीला होतात तेव्हा कधी कुणाचं ऐकलंत?”
मी उठून चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

११ नोव्हें.
वि.ने मेमरीचा हिशेब छापलेला, कडेला भोके असलेला लांबलचक कागद आणून दारापासून मोरीपर्यंत पसरला. मी आकडे वाचायचे, तिने पडताळायचे. शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी इंग्रजी अंक मला उत्तम येतात. बरेच वाचून झाल्यावर ध्यानात आले की, कागदात आठ व नऊ हे अंक कोठेच नाहीत. दोष सापडल्याचे मी उभे राहून जाहीर केले.
“बाबा, हे यंत्र असंच मोजतं. सातानंतर थेट दहा!”
“याला मोजणे म्हणत नाहीत.”
“बसा हो. वाचा पुढे.”
पोट धरून हसली. अपमान गिळून वाचन चालू.

१२ नोव्हें.
“मध्येच शिल्लक कशी घटली? ओळी गाळताय ना?”
गाळत होतो. जेथे मागणी नाकारल्याची खूण, त्या ओळी. “काही दिलेच नाही, तर वाचायचे काय?”
वि.ने मग कागद ओढून स्वतः पाहिला. नकारानंतरही शिल्लक घटलेली! आज्ञावली आधी वजाबाकी करते, मग मेमरी शोधते. न मिळाल्यास नकार देते, पण केलेली वजाबाकी तशीच ठेवते.
“सापडला मेला!”
मुलीच्या तोंडी असले शब्द मला खपत नाहीत. आज खपवले.

१३ नोव्हें.
दुरुस्ती झाली. देसाई म्हणे, “झकास! पण तासाची मोजणी असू दे, सेफ असतं ना.” वि.ने सुनावले, “मग चूक उरली तर कळणार कशी?” मोजणी काढूनच यंत्र चालवायचे ठरले. उद्या दुपारी मांडलेली शिल्लक खऱ्या मोकळ्या मेमरीशी जुळली तर तिचे म्हणणे मान्य.
देसाईंविषयी मी काढलेला शब्द येथे लिहीत नाही.

१४ नोव्हें.
फोनसाठी शेजारी शहांकडे जाऊन बसलो. शहाबाई म्हणाल्या, “काका, चा तरी घ्या. फोन काय पळून जाते?” फोन आला.
“बाबा, अडलं नाही कुठे. पण शिल्लक एकाने कमी दाखवतंय.”
“एकाने म्हणजे?”
“मेमरीचा एक तुकडा. अगदी छोटासा.”
“देसाईंना ठाऊक आहे?”
“जेवायला गेलेत. यंत्र न्यायला हमाल आलेत.”
एकाने काय बिघडते, हे ओठांवर आले होते. आवरले.
“मग?”
“मग काय! हमालांना थांबवलंय. देसाईसाहेब जिन्यात दिसतायत. ठेवते.”
सायंकाळी लिहीत आहे. पुन्हा फोन नाही. वि. परतलेली नाही. नवा कागद आणल्यास पसरायला जागा हवी, म्हणून कपाट एकट्याने सरकवले.