टर्बोच्या प्रकरणातली चूक

७ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडी गॅरेजला. परवा कसौलीच्या चढावर दमच धरेना. ट्रक पुढे निघून गेले. इरा मागून म्हणाली, "मम्मा, उतर के धक्का दूँ क्या?"
मेकॅनिक जसबीरजींनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाइप फाटलाय. मी वही काढली. मुलांसाठीच्या यंत्रांच्या पुस्तकात टर्बोचं प्रकरण लिहून मोकळी झालेय, आणि टर्बो आज प्रथम पाहिला. लाज.
त्यांनी एक जुना हातात दिला. शंखासारखं कवच, आत पात्यांचं चाक. इंजिनाचा धूर चाक फिरवतो, पलीकडचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. दाबली की हवा तापते. तापली की विरळ. म्हणून वाटेत इंटरकूलरच्या जाळीत तिला गार करायचं. एवढं मी बरोबर लिहिलंय. म्हटलं, "रगड़ से गर्म होती है ना?"
जसबीरजींनी चाक बोटाने फिरवलं. चाक आणि कवच यांच्यात केसभर फट. "मैडमजी, रगड़ है कहाँ? ये कहीं छू जाए तो टर्बो ख़त्म।"

८ नोव्हें., शनि.
ती रगड कुठून आली, मला पक्कं ठाऊक आहे. मी सात वर्षांची. आण्णा सायकलीत हवा भरत होते. पंपाला हात लावला, चटका बसला. आण्णा म्हणाले, "घासून घासून तापतो. हात घासून बघ." घासले. तापले. संपला प्रश्न.
बत्तीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपात इंजिनं उघडलेला माझा बाप. त्यांना कोण उलट विचारणार? मी प्रकरणात ते जसंच्या तसं घातलं, त्यांच्या तोंडी, त्यांच्या नावानिशी. त्याची प्रिंट आण्णांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलीय. सांगलीत त्यांच्या बागेतल्या बाकावर सगळ्यांना वाचून दाखवून झालीय.

९ नोव्हें., रवि.
इराला विचारलं, रगड नाही तर हवा तापते कशाने? पोळी खाता खाता म्हणाली, "बैट रुका हो तो बॉल उतनी ही तेज़ लौटेगी। बैट सामने से आए, तो ज़्यादा तेज़। हवा के कण बॉल हैं। उनकी भागदौड़ को ही तो गर्मी कहते हैं।"
"म्हणजे टर्बोचं पातं म्हणजे बॅट?"
"पाता भी, पंप का पिस्टन भी। जो ज़ोर लगाया, वो जाएगा कहाँ? हवा में ही ना।"
म्हणजे पंपातसुद्धा घासणं थोडंच. खरं काम ढकलण्याचं.
परिच्छेद अर्ध्या तासात दुरुस्त झाला. आण्णांचं वाक्य मात्र त्यात राहत नाही. त्यांचं नाव गुपचूप काढू? की बरोबर उत्तर त्यांच्या तोंडी घालू, जे त्यांनी कधी सांगितलंच नाही?

११ नोव्हें., मंगळ.
आण्णांना फोन. त्यांचा गुडघा, इथली थंडी, धुरकट हवा, माझा खोकला. सगळं बोलले, तेवढं सोडून. ठेवताना म्हणाले, "आपल्या पुस्तकाचं काय?"
आपल्या.

१२ नोव्हें., बुध.
संपादकांचा निरोप. सोमवारपर्यंत शेवटचा मजकूर हवा.
दुपारी धीर करून नवा परिच्छेद, इराच्या बॅट-बॉलसकट, आण्णांना फोनवर पाठवला. खाली लिहिलं, "आण्णा, आपलं बहुतेक चुकलं होतं." दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
अजून काही नाही. आईला विचारलं. "बोलत नाहीत गं फार. सकाळपासून मागं अंगणात पंप घेऊन बसलेत. ह्या गुडघ्यांनी." शहात्तर वर्षांच्या माणसाला हे कळवायची काय गरज होती. पण चुकीचं छापून मुलांना द्यायचं म्हणजे...

१५ नोव्हें., शनि.
आण्णांचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम सुरू.
"ट्यूब न लावता चाळीस दट्टे मारले. कोमट. घासणं तेवढंच झालं, बरं का. मग ट्यूब लावून चाळीस. हात ठेववेना. आणि तापला कुठं? खालच्या टोकाला. घासून तापता तर सगळा तापला असता."
म्हटलं, "मग?"
"ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर असायचा गाडीला. त्याच्या पाइपला किती वेळा भाजलोय. आणि हवेच्या टाकीत रोज पाणी साचायचं, सकाळी चावी उघडून सोडायचं. गरम हवा वाफ घेऊन यायची, टाकीत गार व्हायची. पाणी साचतं कसं ते ठाऊक होतं. हवा का तापते, हे मेलं कधी डोक्यात आलं नाही. पिस्टन आहे, घासतोय, झालं." आणि शेवटी, "इरा बरोबर बोलली. तिला सांग."
इराला सांगितलं. ती फक्त "ओके" म्हणाली. पण कान लाल झालेले.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी फोनवर आण्णांचा हुकूम: नाव काढायचं नाही. "बापानं चुकीचं सांगितलं होतं असंच लिही. चाळीस दट्टेपण लिही."
मागून आई, "बाकावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलंय. आता परत बोलवा त्यांना."
"बोलवणारच की."
मला मात्र धजवत नाही. आण्णांना कधी न पाहिलेली मुलं त्यांना आधी या चुकीतूनच ओळखणार. नाव नसलेला आणि नाव असलेला, दोन्ही मजकूर टेबलावर. उद्या सोमवार.
संध्याकाळी परत फोन. आवाज जरा खालचा.
"मिनू, लहानपणी तुला आणखी दोन-तीन गोष्टी अशाच ठोकून दिल्यात मी. माझ्या मलाच पक्क्या माहीत नव्हत्या. सांगू, का राहू दे?"
म्हटलं, थांबा, वही घेते.