लगामाचं दुसरं टोक

८ डिसेंबर १९९६, रविवार

पहिल्याच फेरीत तिसरा नंबर! सगळे बापे टांगेवाले, त्यात मी एकटी बाई. लगाम धरून धरून बोटं आखडलीत, अक्षर बघा कसं आलंय.

बारामतीला कांद्याचं एक मोठं रिकामं गोदाम आहे, पत्र्याचं. मोहनरावांनी ते शर्यतींसाठी घेतलंय. ते पूर्वी फौजेत, घोडदळात होते. म्हणाले, "परदेशात बाहेर बर्फ पडतो, म्हणून लोक छपराखाली घोडागाडीच्या स्पर्धा घेत्यात. हितं नुसतं पळवायचं न्हाय, वळवायचं!" आधी प्लास्टिकच्या शंकूंच्या जोड्यांमधून टांगा काढायचा. प्रत्येक शंकूवर टेनिसचा चेंडू. चाक लागून चेंडू पडला की वेळेत सेकंद वाढवतात. मग लाकडी कठड्यांचा चक्रव्यूह. त्यातल्या वाटांवर अ, ब, क, ड लिहिलेलं, त्याच क्रमानं जायचं. चुकलं की बाद. दोन फेऱ्यांचे गुण धरून पाच जण निवडणार, आणि अंतिम फेरीत शंकू आणि चक्रव्यूह एका दमात.

टांग्यात मागं एक माणूस लागतोच. वळणावर आतल्या अंगाला कलायला, नाहीतर चाक उचलतं. माझ्या मागं रंगूवन्सं — माझी नणंद, अंगानं भरभक्कम. "माझ्या वजनाचा पयल्यांदाच कुणाला तरी उपेग झाला," म्हणाल्या. हसून हसून पुरेवाट!

एक मात्र कळेना. 'ब'मधून निघून मी डावीकडं वळवायला लागले, आणि पाखरी उजवीकडं गेली. उजवीकडंच 'क' होता. मी विसरले होते. घोडीला कुणी सांगितलं?

९ डिसेंबर

मामंजींच्या अंगावरून दिवाळीत वारं गेलं. सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली. डोळे तेवढे फिरतात. कूस वळवायची तर आम्ही दोघी लागतो.

पाखरी त्यांचीच. लहानपणापासून त्यांनीच शिकवली, त्यांनीच हाकली. मला कधी लगामाला हात लावू दिला नाही. "बाईच्या हातानं जनावर बिघडतं." आता आमचे हे टेम्पोवर, माल घेऊन पुण्याला. पानमळ्यातली पानं बाजारात कोण नेणार? म्हणून लगाम माझ्या हातात आला.

आज आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, "काल ह्यांचं हात हाललं गं, मोने."

"कसं?"

"गोधडीवर. मुठी वळल्या. उजवा मागं, डावा मागं, मग दोन्ही. तुमी तितं बारामतीला आसताना. गोधडी हातात धरली व्हती — अशी, जशी..."

आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. 

१३ डिसेंबर

करून बघायला नको होतं. पण केलं.

जेवणं झाल्यावर पाखरीला टांग्याला जोडून पलीकडच्या रानात नेली. वन्सं घराच्या दारात उभ्या, एक डोळा आत मामंजींच्या खाटेकडं. त्यांचा जो हात हलेल तो ओरडून सांगायचा, असं ठरलं. मी सैल लगाम धरून बसले. काही ओढायचं नाही, काही बोलायचं नाही.

"उजवा!" — वन्संची हाक आली. आणि मग पाखरी उजवीकडं वळली.

"डावा!" — मग डावीकडं.

आधी हाक, मग वळण. दर वेळी!

"दोन्ही!" वन्सं किंचाळल्या. पाखरी जागच्या जागी थांबली. कान मागं, घराकडं.

टांगा तिथंच सोडला आणि पायी आले. मामंजी छताकडं बघत होते. हात गोधडीवर, नीट शेजारी शेजारी ठेवलेले.

१५ डिसेंबर

आज त्यांना भरवायला गेले नाही. वन्सं गेल्या.

२२ डिसेंबर, रविवार

दुसरी फेरी. दुसरा नंबर. अंतिम फेरीत नाव आलं. रडावंसं वाटतंय.

चक्रव्यूहात 'क'वरून 'ड'ला जायला दोन वाटा. एक लांबची, ऐसपैस. दुसरी खांबाला चिकटून, जवळची. मी कालपासून मनात जवळची घोळवत होते. वन्संना सांगूनही ठेवलं होतं, तिथं पूर्ण डावीकडं कला. त्या कलल्या. पाखरी लांबच्या वाटेनं गेली! वन्सं पडता पडता राहिल्या. मी डावा लगाम ओढत होते, आणि घोडीच्या तोंडाच्या बाजूनं लगाम उलटा ओढला जात होता. माणसानं ओढावा तसा. शांतपणे.

मोहनराव मामंजींना ओळखतात, तरुणपणी त्यांच्या टांग्यातून हिंडलेत. पाठीवर थाप मारून म्हणाले, "मोनाताई, डोळं मिटलं तर वाटंल झुंबररावच हाकत्यात!"

सगळे हसले. मीही हसले.

५ जानेवारी १९९७

रानात सराव. आज ठरवलं होतं, हटायचं नाही. मी डावीकडं ओढलं. मामंजींनी तिकडून उजवीकडं. मी आणखी. त्यांनीही आणखी. पाखरी मधल्या मध्ये मान वाकडी करून थरथरायला लागली. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. मग ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं.

मी लगाम टाकून दिला. तिच्या गळ्यात पडून रडले. तिचा काय दोष? एका तोंडाला दोन मालक.

हळद लावली.

६ जानेवारी

खाटेजवळ गेले. पदर सारखा केला आणि सांगितलं, "मामंजी, घोडीचं तोंड फाटलं. सोडा आता. मला जमतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मग डोळे मिटून घेतले.

उजव्या हाताची मूठ मात्र हळूहळू वळली.

२० जानेवारी

जखम भरली. तोंडातलं लोखंड काढून तिला नुसता चामड्याचा मऊ पट्टा बांधला. दोन आठवडे टांग्याला जोडली नाही. पानं हेच टेम्पोतून नेतात आणि कुरकुर करतात. ह्यांना काही सांगितलेलं नाही. सांगून काय सांगू?

२५ जानेवारी

उद्या अंतिम फेरी. आत्याबाई शेंगा फोडत होत्या, शेजारी जाऊन बसले. "आत्याबाई, उद्या आमी तितं असू तवा मामंजींचं हात धरून ठेवाल?"

त्या शेंगा फोडतच राहिल्या. मला वाटलं, चिडल्या.

"नवऱ्याचं हात धरून ठिवायचं?"

"व्हय."

"आजवर त्येंनीच माझं धरलं, मोने. धरलं, पिरगाळलं. ह्या हाताचं हाड एकदा मोडलंय, पडले म्हनून सांगितलं सगळ्यास्नी." टरफलं सुपात गोळा केली. "धरते. जा तू. बिनघोर जा."

तीस वर्षं संसार केलेली बाई. मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघितला.

२६ जानेवारी, रविवार

गोदामात माणूस मावत नव्हता. पत्र्याखाली टाळ्या अशा घुमत होत्या की पाखरी बिचकली. मी लगाम उचलला — आणि लगाम हलका! दुसऱ्या बाजूला फक्त तिचं तोंड. मऊ, जिवंत, वाट बघणारं. इतके दिवस मी घोडी हाकतच नव्हते, हे तेव्हा समजलं.

पहिल्या जोडीलाच चेंडू पाडला. पुढं आणखी एक. मोहनरावांचा चेहरा पडला. मला काही वाटलं नाही! 'ब'ला चुकत होते, मीच सावरलं. 'क'पाशी मनात म्हटलं, जवळची वाट. हळूच डावा ओढला. पाखरी खांबाला चिकटून अशी वळली, वन्सं अशा कलल्या, की चाक आणि खांब यांच्यात बोट शिरलं नसतं. लोक उठून उभे राहिले.

पाचांत चौथी आले. बक्षीस नाही. टेम्पोत पाखरीशेजारी उभी राहून घरापर्यंत गात आले. वन्सं म्हणाल्या, "येडी झालीस का?"

घरी आत्याबाई ओट्यावर एकट्या. मी विचारलं, "धरलं?"

त्यांनी पदराखालचे हात पुढं केले. दोन्ही मनगटांवर बोटं उमटलेली. काळीनिळी. दहाच्या दहा.

"तुझं झालं तवा कळलं मला," म्हणाल्या. "त्येंचं हात येकदम सुटलं. दोरी तुटावी तसं."

२ फेब्रुवारी

हात अगदी पडून आहेत. मी रोज पानं घेऊन बाजाराला जाते, पाखरी माझं ऐकते. मामंजींना आता मीच भरवते. ते माझ्याकडं बघत नाहीत.

९ फेब्रुवारी

मोहनरावांचा निरोप आला. पुढच्या थंडीत परत शर्यती घेणार, बायकांची वेगळी फेरी ठेवणार. मी कळवलं — वेगळी कशाला?

१६ फेब्रुवारी

दुपारी पडवीत डोळा लागला. आत्याबाईंनी हलवून उठवलं. तोंड पांढरंफटक. "मोने, झोपंत तुझं हात हालत व्हतं. लगाम ओढल्यावानी."

"मग? स्वप्न पडलं असंल."

"आगं, तू डावा वडलास की ह्येंनी डावी कूस घेतली. उजवा वडलास की उजवी. आपसूक! मी दारात हुबी राहून बगितलं."

त्या पाण्याला गेल्या आहेत. घरात मी आणि ते. पडवीतच बसलेय, आत बघितलेलं नाही. लिहिता लिहिता थांबले, मांडीवर दोन्ही मुठी वळल्या आणि उजवी हळूच मागं ओढली.

आत खाट करकरली.

परत ओढली. जरा जोरानं.