मी बसवलेली अठरा इंची चाकं

मी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा टायर आणि चाकं बसवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अक्षर वाईट आहे, पण माझंच आहे. शुद्धीवर आहे की नाही हे परवा डॉक्टरांनी तपासलं. वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितलं. मी दोनपर्यंत उतरलो तेव्हा "पुरे हो" म्हणून त्यांनी दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. हृदय पाव हिश्शाने चालतंय, डोकं पूर्ण. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारं कोणी घरात उरलेलंही नाही. याआधी मृत्युपत्र केल्याचं आठवत नाही. केलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे मुलीला द्यावं. न्हाणीघराचा नळ तिने डावीकडे पूर्ण फिरवू नये, वायसर गेलेला आहे. माझ्या पत्नीचं कपाट मी नऊ वर्षांत उघडलेलं नाही. ते मुलीने उघडावं. आत काय असेल याची मला उत्सुकता वाटत नाही. वाटायला हवी होती, एवढं कळतं.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचं बिल भागवावं. उरलं तर तेही मुलीला. विम्याचे पैसे यात धरू नयेत. ते वेगळ्या खात्यात आहेत आणि त्यांचं काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

कलम ३. दुकानातली हत्यारं, बॅलन्सिंगचं मशीन, कॉम्प्रेसर आणि नट मापात आवळायचा लांब पाना हे आमच्या जुन्या कारागिराला. त्याला सगळे शिट्टी म्हणतात. लांब पाना वापरून झाला की शून्यावर आणून ठेवायचा, हे त्याला सव्वीस वर्षं सांगतोय. मेल्यावरही सांगतो.

यातच तीन टनी जॅकचा विषय येतो. तो माझ्या साडूकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेला. माझ्या पत्नीच्या अंत्यविधीला तो आला होता, तेव्हा विचारणार होतो. बरं दिसलं नसतं म्हणून विचारलं नाही. आता विचारतो. जॅक शिट्टीला परत करावा, हँडलसकट.

कलम ४. दुकानाचा गाळा मुलाला. तो घेईल असं वाटत नाही. तरी लिहितो, कारण न लिहिणं त्याहून वाईट.

हे दुकान कळायचं तर त्याचा पोटमाळा कळला पाहिजे. गिऱ्हाईक मोठी चाकं बसवून घेतं तेव्हा गाडीबरोबर कारखान्यातून आलेली चाकं आम्ही वर ठेवून देतो, त्यावर खडूने गाडीचा नंबर टाकतो. गाडीच्या सरकारी तपासणीचा दिवस आला की गिऱ्हाईक सकाळी येऊन म्हणतं, "साधी चढवा." आम्ही साधी चढवतो. गाडी पास होते, दुपारी पुन्हा मोठी. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी बघायला येणार असला तरी तेच. याला आम्ही कधी लबाडी म्हटलं नाही, सेवा म्हणायचो. बाकीचे दुकानदार याचे वेगळे पैसे लावतात, आम्ही फुकट करायचो. मला त्याचा मोठा अभिमान होता.

कलम ५. यापुढे दुकान जो चालवील त्याच्यासाठी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर त्या गाडीला चालणारी मापं छापलेली असतात. त्याबाहेरचं माप बसवायचं तर आधी नोंदणी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. मग विमा कंपनीचं पत्र, की हा बदल आम्हाला माहीत आहे आणि मान्य आहे. "एजंटला सांगून ठेवलंय" चालणार नाही, एजंट सगळ्यालाच हो म्हणतो. हप्ता वाढेल, गिऱ्हाईक कुरकुरेल, पलीकडच्या दुकानात जाईल. जाऊ दे. टायरसकट उंचीने मोठं चाक लावलं की वेगाचा काटा कमी दाखवतो. माणूस ऐंशीने चाललोय समजतो, असतो पंच्याऐंशीने, आणि दंड झाला की काट्याच्या नावाने बोटं मोडतो. टायरवर तो किती वजन पेलेल याचा आकडा असतो, तो मूळच्या टायरपेक्षा कमी नको. आणि काम झाल्यावर गाडीत वजन भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, खड्ड्यातून नेऊन बघावी. चाक घासलं तर काढून टाकावं. "झिजेल आपोआप" असं म्हणू नये.

कलम ६. ते मी म्हणालो होतो.

मुलगा बसडेपोत चालक होता. अकरा वर्षं, बसला साधा ओरखडा नाही. त्याने जुनी मोटार घेतली. तिची पंधरा इंची चाकं त्याला पुरेशी होती, मला नव्हती. टायरवाल्याच्या मुलाची गाडी अशी मरतुकडी दिसते, लोक काय म्हणतील? त्याच्या वाढदिवसाला मी अठरा इंची चाकं आणून स्वतः बसवली.

ही म्हणाली, "कशाला नसता थाट?"

मुलगा म्हणाला, "बाबा, विमा कंपनीला कळवायला लागेल ना?"

मी म्हणालो, "कळवलं की शंभर भानगडी. आपण काय धंद्यात नवीन आहोत?"

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "पूर्ण वळवलं की पुढचं डावं घासतंय." मी खाली वाकूनही पाहिलं नाही. म्हणालो, "रबर आहे रे, झिजेल आपोआप."

अपघाताची तारीख निकालपत्रात आहे, इथे लिहीत नाही. मायलेक स्वयंपाकघरासाठी फरशी आणायला गेले होते. डिकी भरली म्हणून उरलेली खोकी पुढच्या सीटवर ठेवली आणि ही मागे बसली, डावीकडे. उतारावरच्या वळणावर पुढचं डावं चाक त्याच्यावरच्या पत्र्याच्या कमानीत अडकलं, स्टिअरिंग परत फिरेना, गाडी आडवी होऊन दगडी भिंतीवर गेली. मागचं डावं दार भिंतीवर आपटलं. ही जागच्या जागी गेली. मुलाच्या तीन बरगड्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकून आलो तेव्हा शिट्टीने सांगितलं, "मालक, उद्या अकराला सर्वेक्षक येणार आहे." आणि मी उठून पोटमाळ्यावर चढलो. मुलाच्या गाडीची साधी चाकं खाली काढली. सकाळी सात वाजता, गाडी ओढून ठेवली होती त्या आवारात आम्ही दोघं गेलो. पहारेकरी ओळखीचा होता. चारही चाकं बदलली. कमानीच्या आतलं प्लास्टिक घासून फाटलं होतं, तेही बदललं. मागच्या दारावर रक्त होतं. त्या बाजूचं चाक बदलताना मी दाराला पाठ लावून बसलो होतो. सगळे नट मापात आवळले. पैशाचा लोभ नव्हता. मुलाला सोडवायचं असंही मनात नव्हतं. खरं लिहायचं तर मनात काहीच नव्हतं. सर्वेक्षक येणार म्हटलं की चाकं बदलायची, एवढंच अंगात मुरलेलं होतं.

मुलाने दवाखान्यात जबाब दिला की चाक अडकलं. सर्वेक्षक त्याच्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "अहो, या मापाचं चाक अडकूच शकत नाही. मी स्वतः मोजून आलोय." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पायथ्याशी थर्मास धरून उभा होतो. त्याला तिथेच सगळं कळलं. मी तोंड उघडलं नाही. त्याने उघडलं असतं तर मी आत गेलो असतो, म्हणून तोही गप्प राहिला. कोर्टातसुद्धा.

विमा मंजूर झाला, हिच्या मृत्यूची भरपाई माझ्या नावे आली. बेफाम गाडी चालवून आईचा जीव घेतला म्हणून मुलाला दीड वर्षाची शिक्षा झाली. परवाना कायमचा गेला, डेपो सुटला. आता तो एका गोदामात खोकी मोजतो. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर माझी मुलगी त्याला म्हणाली, "आईला मारलंस, आणि वर खोटं बोललास. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी तिच्या शेजारी उभा होतो. तेव्हापासून ती भावाशी एक शब्द बोललेली नाही. दर रविवारी ती माझ्याकडे येते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते, वेळेवर घ्या म्हणून दम देते, आणि मी त्या वेळेवर घेतो. शिट्टीला सगळं माहीत आहे. त्या सकाळपासून तो शिट्टी वाजवत नाही. नाव तेवढं राहिलं.

म्हणून जाहीर करतो: माझा मुलगा खरं बोलला. चाक अडकलं. ते मी बसवलं, घासतंय म्हणून सांगितल्यावरही तसंच ठेवलं, आणि पुरावा मी काढून नेला. ती चारही चाकं आणि फाटलेलं प्लास्टिक पोटमाळ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत. माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी ती आणि या कलमाची प्रत न्यायालयात द्यावी. विम्याचे पैसे कंपनीला परत करावेत. एक प्रत मुलीला द्यावी.

हे लिहिलं की हलकं वाटेल, असं वकील म्हणाले होते. तसं काही वाटलं नाही.

सहीपूर्वीची दुरुस्ती. ही वकिलांच्या सांगण्यावरून आज त्यांच्याच टेबलावर लिहीत आहे.

मुलाला मी निरोप पाठवला होता. तो गोदामाच्या गणवेशातच आला. खुर्ची दिली तर बसला नाही. उभ्यानेच सगळी पानं वाचली.

"मृत्यूनंतर?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "वकीलसाहेबांनीच तसं…"

"मी नाही हं," वकील म्हणाले. "ते तुमचे शब्द आहेत."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर ताईला कळणार," मुलगा म्हणाला. "तोवर तुम्ही रविवारच्या गोळ्या घेत बसणार, आणि मी आईला मारणारा." मग तो वकिलांकडे वळला. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येतं का?"

"नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये."

"मग कलम चार खोडा. गाळा शिट्टीकाकांना द्या. साक्षीला मी राहतो."

मी म्हणालो, "अरे, रस्त्यावरचा गाळा आहे. जरा विचार कर."

"नऊ वर्षं दुसरं काय केलंय, बाबा? मला गाळा नको. तुम्ही ह्याच्यावर माझ्या डोळ्यांदेखत सही करा. आणि सहीआधी ताईला वाचून दाखवा. आत्ता, इथून."

वकिलांनी मला बजावलं की मृत्युपत्र बाहेर काढलं तर चौकशी होईल, या वयातही अटक होऊ शकते. मी म्हणालो, होऊ दे. कलम चारमधलं मुलाचं नाव काढून गाळा शिट्टीच्या नावे लिहिला. कलम सहामधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आणि तिथे 'उद्या सकाळी' असे लिहिले. दोन्ही ठिकाणी शेजारी सही केली आहे.

वकिलांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवून मुलीला लावला. ती म्हणाली, "काय हो बाबा, गोळ्या संपल्या का?" मी म्हणालो, "ऐक जरा, मध्ये बोलू नकोस," आणि कलम सहा वाचायला घेतलं. बराच वेळ आवाज नीट होता. दाराला पाठ लावून बसलो होतो, त्या वाक्याला तो गेला. वकिलांनी पाणी दिलं. मुलगा खिडकीशी उभा होता, त्याने वळून पाहिलं नाही. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं आणि शेवटपर्यंत गेलो.

मला वाटलं फोन कट झाला. तिने रडावं, मला शिव्या द्याव्यात, असं फार वाटलं. नऊ वर्षांत मला काही वाटलेलं ते पहिलंच.

मग ती म्हणाली, "तो आहे तिथे?"

मी म्हणालो, "आहे."

"त्याला द्या. तुम्ही बोलू नका."

मुलाने फोन उचलला, "ताई" म्हणाला आणि बाहेर जिन्यात गेला.

ठिकाण: वकिलांचं कार्यालय, दुसरा मजला.
दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार.

मृत्युपत्र करणार: टायरवाला, सही.
साक्षीदार पहिला: मृत्युपत्र करणाराचा मुलगा, सही.
साक्षीदार दुसरी: कार्यालयातली टंकलेखिका, सही.

वेळेबद्दल खुलासा: सही चार वाजता व्हायची होती. ती पाच वाजून दहा मिनिटांनी झाली, कारण पहिला साक्षीदार जिन्यात बहिणीशी बोलत होता. त्याला कोणी हाक मारली नाही.