औशाच्या आपांच्या टिपा

गुरुजी, तुम्ही गेल्यावर मी संस्कृत सोडून संगणकाकडे वळलो. तुम्ही म्हणाला असतात, "कुणी बोलत नाही अशी एक भाषा सोडून दुसरी धरलीस होय!" मी एक्स्टेन्शन बनवतो, म्हणजे ब्राउझरला जोडायचं एक छोटं अवजार. माझ्या अवजारानं इंटरनेटवरच्या पानाच्या कडेला आपल्या टिपा लिहून ठेवता येतात. सोमवारी त्याची नवी आवृत्ती सोडली. त्याआधी महिनाभर तपासली, तीही तुमच्या नांदेडच्या पाठशाळेच्या शिस्तीत. दर वेळी जुनी काढायची, ब्राउझर धुऊनपुसून कोरा करायचा, मगच नवी बसवायची. आंघोळीआधी पोथीला हात लावला म्हणून तुम्ही मला सकाळभर ओसरीवर उभं केलं होतंत; ते अंगात मुरलंय. पण लोकांचे ब्राउझर सोवळ्यात नसतात. त्यांच्याकडे नवी आवृत्ती थेट जुनीच्या जागी येऊन बसते. तिनं जुन्या टिपा ओळखल्याच नाहीत, कचरा समजून पुसून टाकल्या. असं होईल का, हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

काल लातूरहून औशाला गेलो. टिपा गेल्या म्हणून तिथल्या शिवणकाम करणाऱ्या एका आपांचा फोन आला होता. त्यांचे पती उर्दूचे निवृत्त मास्तर. जुन्या दख्खनी उर्दूतल्या पोथ्यांची पानं स्क्रीनवर बघत ते अर्थ सांगायचे, आपा शेजारी बसून ते माझ्या अवजारात टिपायच्या. चार वर्षं. यंदा रमजानमध्ये त्यांना झटका आला आणि वाचा गेली. ते पलंगावरून माझ्याकडे बघतायत. मी आपांचा लॅपटॉप उचकतोय. टिपांची नक्कल कुठंच नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलंय, तरी तासभर बटणं दाबतोय.

"लई बोलायचे ओ भाऊ हे," आपा सांगतात. "मी म्हणायची, जरा दमानं सांगा, माझी बोटं काय शिलाई मशीन हाय का?" मग आवाज खाली आणून, "मीच कायतरी चुकीचं दाबलं का ओ?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, आपा."

गुरुजी, त्यांनी नवऱ्याकडे वळून दोन्ही कान पकडले. मास्तरांनी मान हलवली, असू दे म्हणून. आणि मी चहा प्यालो. चांगला झालाय, असंही म्हणालो.

आपांना मला फक्त दोन ओळी लिहायच्या आहेत: चूक माझी होती, टिपा परत येणार नाहीत. सकाळपासून तेच लिहायला बसलोय. हे पत्र कुठं जाणार नाही, गुरुजी. आपांना लिहायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून वर तुमचं नाव घातलं.