स्लॅबखालची खुर्ची

पुसद, ५ फेब्रुवारी २००६

प्रिय डोमाजी,
वामनचा सप्रेम नमस्कार. वि. वि. कापसानं यंदाही रडवलं, म्हणून तुझा अतुल शेतीचे डवरे-वखर बनवायचं वर्कशॉप काढतोय, हे ऐकून आनंद झाला. नकाशा आमच्या नातीनं, गुंजननं काढलाय. तो पाहून तू म्हणालास म्हणे, स्लॅब नसेल तर माझ्या जागेत वीट लागणार नाही!

अरे, मुरमाच्या, भट्टीत न भाजलेल्या विटा. वर कवेलूचं छप्पर, त्याखाली कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचे, माती लिंपलेले तट्टे. उत्तरेला उंच खिडक्या, माथ्यावर गरम हवेला वाट. सिमेंट थोडं, दिवसा दिवा नको, पंखा नको. गुंजन म्हणते, जगाला धूर कमी. मी म्हणतो, ही तर आपली घाटंजीची शाळा! चैत्रात गुरुजी वाऱ्याची कविता म्हणत आणि खोलीत खरोखर वारा येई. मला अजून येतो. आमची ही म्हणते, तो पंख्याचा असतो.

जागा दे. लोभ आहेच, तो स्लॅबवर अवलंबून नसावा.
तुझा, वामन

घाटंजी, १४ फेब्रुवारी

प्रिय वामन,
सप्रेम जय भीम. तुहं पत्र पोचलं. कवितेचं सोडून बाकीचं वाचलं.

तुले खोलीतला वारा आठवते. मले ओसरीवर बसवत होते, विसरला काय? कविता खिडकीतून बाहेर येत होती, वारा आतच राहत होता. अन् माहा जन्म पऱ्हाटीच्या कुडातला. तेच कुड आता तू नकाशात काढून दाखवतं, त्याले मी कायले भुलू? पहिला स्लॅब टाकला तवा आमची घरवाली भागीरथा पापड नसले तरी वाळवाले वर चढे, लोकाइले दिसावं म्हणून.

बापलेकाचं बोलणं बंद आहे. अतुल म्हणते, पुण्याले कंपनीत जातो. जा म्हटलं. तवापासून जेवण जात नाही.

वहिनीले नमस्कार. राग मानू नको.
तुहा, डोमाजी

पुसद, २१ फेब्रुवारी

प्रिय डोमाजी,
स. न. वि. वि. पत्र वाचल्यापासून कविता सुचली नाही. घरच्यांनी तुला धन्यवाद कळवलेत. मी जन्मभर तुला त्या खोलीचं गुणगान ऐकवलं आणि तू एकदाही टोकलं नाहीस!

गुंजनला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, डोमाजीआजोबांचं खरं आहे. समोरचं हापीस स्लॅबचं करू, तिथे त्यांची खुर्ची. मागचं वर्कशॉप कवेलूचं. पटलं तर अतुलला तूच सांग. बोलायला निमित्त होईल.

जेवत जा. लोभ दोन्ही छपरांखाली राहो.
तुझा, वामन

घाटंजी, २० मे

प्रिय वामन,
सप्रेम जय भीम. वर्कशॉप उभं झालं. पोरगं इथंच आहे, पुण्याचं नाव काढत नाही.

उद्घाटनाले स्लॅबखाली खुर्ची टाकून राजावानी बसलो. दुपारी राजाचा सदरा पिळाले झाला. मंग, कामावर नजर पायजे म्हणून, खुर्ची वर्कशॉपच्या दारात नेली. मंग दाराच्या आत. आता ते मधोमध आहे, माथ्यावरच्या झरोक्याखाली. अतुल म्हणे, बाबा हटा, वखर ठेवाले जागा नाही. मी म्हटलं, हापीसात ठेव. तवापासून स्लॅबखाली वखरं बसून राह्यले अन् भागीरथाचे पापड वरतं मस्त वाळून राह्यले.

तू येजो. पण तुही जागा ओसरीवर. तिथं बसून ते वाऱ्याची कविता म्हणजो, मी आतून आयकीन. चुकला तर पुन्हा म्हणाले लावीन. मंग आत येजो. दुसरी खुर्ची झरोक्याखाली मांडून ठेवली आहे, तिच्यावर अतुललेही बसू देत नाही.

वाट पाहून राह्यलो.
तुहा, डोमाजी