लोकसंख्या १४१

३ फेब्रुवारी
मनमाडहून दीड तास एसटी, पुढे शिपाई मल्हारीमामांची मोटारसायकल. ग्रामसेविका म्हणून माझं पहिलंच गाव, आणि मी जाम खूश! सपाट माळ, कांदा-हरभऱ्याची रानं, दूरदूर एकेक घर. वेशीवर पाटी : सोनखडक, लोकसंख्या १४१. साहेबांना गावाची माहितीपुस्तिका हवी आहे. एवढंसं गाव तर चहाच्या आधी मोजून होईल.

५ फेब्रुवारी
घरोघर फिरले. बरोबर १४१! पाटी जुनाट, तरी आकडा जुळला म्हणून मी हसले. मामा हसले नाहीत. त्यांच्या सुनेला, सविताला, नववा लागलाय. तिने आग्रहाने भाकरी-ठेचा वाढला.

९ फेब्रुवारी
मी गावातच राहते असा ग्रामसभेचा ठराव वर पाठवावा लागतो. बाकीचे नुसता कागद रंगवतात, मी खरंच खोली घेतली. पण कुणी हात वर करेना. हट्टाने मंजूर करून घेतला. शेजारच्या म्हाताऱ्या नवसाबाई माझ्या तोंडावरून हात फिरवून रडल्या. मला भरून आलं.

१० फेब्रुवारी
नवसाबाई सकाळी गेल्या. काल तर कांदा खुरपत होत्या. मृत्यूची नोंद मीच केली. मला धरून पुन्हा १४१.

१२ फेब्रुवारी
जुन्या नोंदवह्या काढल्या. प्रत्येक जन्माच्या तारखेला एक मृत्यू. एकही चुकलेला नाही. मामा खाली बघत म्हणाले, "ही जमीन एकशे एक्केचाळीसच पोसती, मॅडम. जास्तीचं आलं की सभेत एक नाव द्यावं लागतं. तुमच्या टायमाला नवसाबाईनं सोताहून दिलं."
माझ्यामुळे गेली ती. हौसेने राहायला आले मी!

१४ फेब्रुवारी
माझं नाव गावातून काढा म्हणून सभा बोलावली. कुणी आलं नाही. मग मीच पळाले. वेशीबाहेर श्वासच— मामांनी ओढून आत आणलं. सविताला आज-उद्या होईल. तेव्हा कुणाचं नाव? कुणी सांगत नाही. ठेचा मात्र अजून येतो.

१६ फेब्रुवारी, दुपार
बाळ रडलं. मुलगी.
माळावरून सगळे इकडेच येतायत. मामांनी ठरावाची वही पुढे ठेवलीये. सूचक, अनुमोदक, अंगठे, सगळं झालंय. नावाची जागा कोरी. अक्षर ग्रामसेविकेचंच लागतं म्हणे.
कुणाचं लिहू? सगळ्यांच्या घरी जेवलेय मी— त्या तान्हीला तर अजून नावही—
दारात उभे आहेत. माझ्याकडेच बघतायत. हात वर होतायत. सविताचाही—
थांबा, मी अजून नाव लिहिलंच ना—