काणीचं एक बेट

४ मे, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. शेतीची नोंद हवीच. बाबा जाऊन पाच महिने झाले, वाघोलीचा वीस गुंठे ऊस आता माझ्याकडे. त्यांनी लावलेला ऊस फेब्रुवारीत तुटून गेला, त्याच्याच बुडख्यांतून हा खोडवा फुटलाय. म्हणजे जमिनीत अजून बाबांच्या हातच्या कांड्या आहेत.

आईचा फोन आला. उसावर काणी आलीय, बुरशीचा रोग. शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि त्याची पूड वाऱ्याने शेजारच्या उसावर जाते. उसाची अकरा बेटं गेली, म्हणजे एकेका बुडख्यातून फुटलेले अख्खे झुबके. गेल्या वर्षीपासून होती म्हणे. बाबांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोथरूडहून पाऊण तासात पोचलो असतो.

११ मे
एक्सेल शीट तयार. प्रत्येक बेटाला नंबर, रंग, जबाबदार व्यक्ती (सगळीकडे मी). नऊ वर्षं कंपनीत क्वालिटी बघतोय, अकरा बेटं म्हणजे काहीच नाही. तनुजाने विचारलं, शीट उसाला वाचून दाखवणार का? बायकोकडे दुर्लक्ष करायला शिकलं पाहिजे. गाडी सर्व्हिसिंगला, त्यामुळे जाता आलं नाही.

१८ मे. संध्याकाळी
गेलो! पोचायला दोन तास. आई म्हणाली, आधी चाबकावर पिशवी घाल, मग काप, आन बेट मुळासकट काढून जाळ. पिशव्या कोथरूडला ओट्यावर राहिल्या होत्या. अकराची आता चौदा बेटं झाली होती, तरी चौदाही चाबूक कात्रीने सफाईदार कापले आणि गुच्छ हातात धरून सगळ्या रानातून बांधापर्यंत आलो. वारा छान होता. शर्ट काळाकुट्ट.

बेटं काढली नाहीत. चाबूक गेला की रोग गेला, मुळांना शिक्षा कशाला?  आई बाबांच्या गमबुटांना लागलेली वाळकी माती काडीने काढत बसली.

१९ मे
अंग ठणकतंय. शीटमध्ये चौदाही बेटं हिरवी केली.

१ जून
आई म्हणते काणीची बेटं सदतीस. मोजण्यातली चूक असणार. तिला फॉर्म्युला समजावून सांगितला. तिने फोन ठेवला.

७ जून, शनिवार
ऑफिसमधून लवकर निघून मार्केट यार्डात औषधाच्या दुकानात. सगळ्यात महागडी बाटली मागितली. मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, काणी लागलेल्या बेटाला औषध नसतं, कुदळ असते. ती आम्ही ठेवत नाही, समोर मिळेल. गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत नाही यांना. समोर गेलो नाही.

१५ जून
निम्म्या रानात काळे चाबूक. आई म्हणते खोडवा मोड. मोडणार नाही. हा भावनेचा निर्णय नाही, डेटाचा आहे.

दुपारी ३
डेटा नाही. बाबा लावण करत होते तेव्हा मी बांधावर उभा राहून ऑफिसचा कॉल घेत होतो. त्यांनी हात केला, मीही केला. त्यांनी लावलेलं तेवढंच उरलंय आणि तेच मी उपटायचं? रडू आलं. तनुजाने चहा ठेवला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

२२ जून
शेजारचे माधवअण्णा थेट कोथरूडला घरी आले. बसले नाहीत. त्यांच्या रानात बेण्याचा ऊस आहे, चार गावचे लोक त्यांच्याकडून बेणं नेतात. त्यात काणी निघाली. भांडतील म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. ते म्हणाले, गेनबातात्या गेले त्याचं तुला दुःख हाय, मला ठावं हाय. पण ते वाऱ्यानं माझ्या रानात यायला लागलंय. मी पाणीही विचारलं नव्हतं; जिना उतरताना तेच म्हणाले, पाणी नको, बरं का.

एकही मुद्दा वापरता आला नाही.

२९ जून, रविवार
निश्चय होता: पहाटे पाचला उठून खोडवा मोडायचा. निघालो साडेनऊला.

पोचलो तर आई रानात. उजाडल्यापासून एकटीच खणत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, पायात बाबांचे गमबूट. मी म्हटलं, आई, थांबायचं होतंस माझ्यासाठी. ती म्हणाली, तुझ्या बापानं बी तेच केलं.

कुदळ घेतली. दिवसभर खणलं. तळहात फुटले. बाबांच्या कांड्या मातीतून वर आल्या, आतून लाल, कुजक्या. रडत रडत ढिगावर टाकल्या. आईने पेटवलं.

शीटला जोडायला रानाचा जुना फोटो हवा होता म्हणून बाबांचं चॅट उघडलं. ८ नोव्हेंबर. हिरव्यागार उसात एकच बेट, एकच काळा चाबूक, शेजारी दाखवणारं बाबांचं बोट. खाली अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज. तो मी कधी लावलाच नव्हता. आज लावला.

पिरथ्या, एवढं एकच बेट हाय. मला कुदळ उचलत न्हाय आता. रविवारी येऊन काढून दे, बाकीचा ऊस वाचंल.

त्याखाली माझं उत्तर आहे. अंगठा.